गूळपाणी वेगळं, इलेक्ट्रोलाइट वेगळं

कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांची पेटी दारात उतरली की पहिला प्रश्न ठरलेला, "पाण्यात काय घालू?" उत्तरही ठरलेलं: "गूळ घाल, नाहीतर इलेक्ट्रोलाइट. एकच ते." एकच नाही. दोन्ही पाण्यात विरघळतं, दोन्ही पहिल्याच दिवशी देतात, म्हणून गल्लत होते इतकंच.

पिल्लू 21व्या दिवशी अंडं फोडतं, तोवर उरलेला बलक त्याने पोटात ओढून घेतलेला असतो. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून तर हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून, पेट्या इतक्या लांब जातात. पण वाटेत शिदोरी संपत जाते आणि अंगातलं पाणीही श्वासावाटे उडत राहतं. खर्च दोन, आणि त्यांची भरपाईही दोन प्रकारची.

गूळ म्हणजे बहुतांशी साखर. थोडं पोटॅशियम असतं, सोडियम नावापुरतं. दमलेल्या पिल्लाला झटकन ताकद मिळावी एवढंच त्याचं काम. लिटरभर कोमट पाण्यात 50 ते 80 ग्रॅम गूळ विरघळवून फडक्याने गाळायचा आणि पहिला अर्धा दिवस द्यायचा. पुढे साधं पाणी. जास्त दिवस चालवला तर विष्ठा पातळ होते आणि शेपटाखाली चिकटून बसते.

इलेक्ट्रोलाइटमध्ये असतात क्षार: सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड. बऱ्याच पाकिटांत ग्लुकोजही असतं, आणि खरी गल्लत इथेच होते. ते ग्लुकोज ताकदीपुरतं नसतं, त्याच्यामुळे आतड्यात सोडियम शोषलं जातं आणि सोडियमच्या मागून पाणी. जुलाब झाल्यावर आपण मीठ-साखरेचं पाणी घेतो, त्यातली युक्ती हीच. म्हणून पाकिटावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलेलं असेल तर त्यात वरून गूळ घालू नका. आणि घरच्या मिठाची चिमूट टाकून 'इलेक्ट्रोलाइट' बनवू तर मुळीच नका. पिल्लाला जादा मीठ सोसत नाही, पोटात पाणी धरून दगावतात. पाकिटावरचं माप म्हणजे माप.

मग कधी काय? पिल्लू हातात घेऊन पाय बघा. नळीसारखा भाग सुकलेला, सुरकुतलेला आणि त्यावर शीर उठून दिसत असेल तर पाणी कमी पडलंय. उन्हाळ्यातल्या टेम्पोच्या प्रवासात हे हमखास. तिथे इलेक्ट्रोलाइट. पाय तुकतुकीत आहेत पण पिल्लू मलूल, डोळे मिटून उभं, तर आधी हात लावून गारठलंय का ते बघा. गार पिल्लू कुठलंच पाणी पीत नाही. ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) पिल्लांच्या उंचीवर 35 अंशांच्या आसपास ऊब हवी. अंगात ऊब आली की गूळपाणी.

माझ्या पहिल्या लॉटला मी सकाळचं गूळपाणी संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. एप्रिल महिना, वर दिव्याची ऊब. भांड्याच्या कडेला फेस, ताडीसारखा आंबूस वास, मुंग्यांची रांग आणि पिल्लांचे पाय चिकट होऊन त्यांना तूस लागलेलं. तेव्हापासून तीन-चार तासांनी भांडं धुऊनच पुन्हा भरतो. इलेक्ट्रोलाइटचं पाणी इतकं पटकन आंबत नाही, पण तेही रोज ताजंच.

खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना यातलं काही लागत नाही. ऊब आईची, प्रवास शून्य, आणि पाण्यात चोच घालून दाखवायलाही तीच. उथळ ताटलीत साधं पाणी, त्यात गोट्या किंवा खडे, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

पेटीतल्या पिल्लांची आई आपण. एकेकाची चोच क्षणभर पाण्यात टेकवायची, नाकपुड्या बुडू द्यायच्या नाहीत. त्याने मान वर करून घोट गिळला की सोडायचं. दोनेक तासांनी खाद्य. रात्री दहा-बारा पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा. मऊ आणि भरलेली असेल तर दोन्ही पोटात गेलं. रिकामी असेल तर चोच पुन्हा बुडवा. खडबडीत, टणक लागली तर खाद्य खाल्लंय, पाणी सापडलेलं नाही: भांडं जवळ सरकवा, आणखी एक ठेवा.