अफगाण चर्चला सिमेंट का सोसत नाही

कुलाब्यात नेव्ही नगरच्या वाटेवर सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे चर्च आहे. मुंबईकरांसाठी ते अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले. पायाभरणी ४ डिसेंबर १८४७ रोजी झाली आणि ७ जानेवारी १८५८ रोजी चर्च उपासनेसाठी खुले झाले. मनोऱ्यावरचे शिखर मात्र १८६५ मध्ये पुरे झाले. त्यासाठी मुंबईचे पारशी व्यापारी कावसजी जहांगीर यांनीही देणगी दिली. शिखराची उंची सुमारे ६० मीटर. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना ते लांबून दिसावे, अशीच योजना होती.

इंग्लंडमध्ये तयार झालेला पहिला आराखडा फार खर्चिक ठरला. मग हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याचा आराखडा स्वीकारला गेला. मुंबईच्या विहार पाणीयोजनेमागेही हेच कॉनीबेअर होते. इंग्लंडच्या तेराव्या शतकातील गॉथिक शैलीचे व्हिक्टोरियन काळात जे पुनरुज्जीवन झाले, त्या घडणीचे हे चर्च आहे: मधले लांब दालन, दोन्ही बाजूंना पडव्या, पूर्वेला वेदीचा भाग, टोकदार कमानी आणि उंच अरुंद खिडक्या. ही शैली जन्मली ती वर्षभर थोडा थोडा पाऊस पडणाऱ्या थंड देशात. इथे मात्र चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि हवेत बारमाही मीठ असते. आज ही वारसा-यादीतली संरक्षित वास्तू आहे. पण यादीत नाव लागल्याने पाणी थांबत नाही, आणि चुकीची दुरुस्ती पाण्यापेक्षाही जास्त नुकसान करते.

टोकदार कमान केवळ शोभेची नव्हे. कमानीवरचा भार खाली येताना बाजूंनाही रेटा देतो. रुंदी तेवढीच ठेवून कमानीची उंची वाढवली की हा आडवा रेटा कमी होतो. ढोबळ हिशेबाने उंची दुप्पट तर रेटा निम्मा. उरलेला रेटा भिंतीबाहेरचे दगडी टेकू पेलतात. या साऱ्या रचनेत दगडाला दाब सोसायचा असतो, ताण नाही. म्हणून दोन दगडांमधला मसाला फार कडक असण्याची गरजच नसते. दगड नीट टेकले पाहिजेत आणि इमारत किंचित हलली तर मसाल्याने ते सोसले पाहिजे, एवढेच त्याचे काम.

हे काम चुना उत्तम करतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, वाळूत मिसळायचा, आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. हे घट्ट होणे बाहेरून आत सरकते आणि खोलवर पोहोचायला महिने लागतात. ओल्या हवेत ते आणखी रेंगाळते, म्हणून आपल्याकडे चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालत. तिच्यामुळे चुना ओलाव्यातही धरतो. असा मसाला सच्छिद्र राहतो. भिंतीत मुरलेले पाणी दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या मसाल्याच्या सांध्यांतून बाहेर पडते आणि सोबत आलेले मीठही दरजेतच साचते. दरज झिजते, दगड वाचतो. झिजलेली दरज काही दशकांनी पुन्हा भरता येते. घडीव दगड पुन्हा मिळत नाही.

आता त्याच दरजा कुणी सिमेंटने भरल्या तर काय होते? सिमेंटमधून पाणी सहज जात नाही. ते दगडातूनच बाहेर पडू लागते. चर्चच्या बांधकामात पिवळसर बेसाल्ट आहे आणि चुनखडीचा दगडही. बेसाल्ट टिकतो. चुनखडीच्या दगडात मात्र पाणी पृष्ठभागाच्या जरा आत सुकते, तिथेच मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. वरून पांढरी पूड दिसते. खरी फाटाफूट आत चाललेली असते. त्यावर पाणीरोधक रंग मारला तर पापुद्रा आणखी जाड सुटतो.

दरजा भरायची योग्य रीत वेळखाऊ आहे. जुना मसाला हातछिन्नीने काढायचा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि दरज कायमची रुंद होते. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवी, अरुंद दरजेतही २० ते २५ मिलिमीटर. धूळ झाडून दरज भिजवायची आणि एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धारदार कणांची वाळू असा मसाला दाबून भरायचा. सुरखी घालायची तर वाळूचा काही भाग कमी करून. मग ओल्या गोणपाटाने निदान आठवडाभर झाकून ठेवायचे. उन्हात झटकन सुकलेला चुना घट्ट होत नाही, त्याची पूड होते. मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकावे, म्हणजे जूनच्या सरींआधी मसाल्याला वेळ मिळतो.

पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मोठ्या रंगीत खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांनी घडवल्या. रंगीत काचेतला रंग बहुतेक वेळा काचेच्या अंगातच असतो: निळा कोबाल्टचा, तांबडा तांब्याचा किंवा सोन्याचा. तांब्याची तांबडी काच पूर्ण जाडीची केली तर जवळजवळ काळी दिसते, म्हणून साध्या काचेवर तिचा पातळ थर चढवतात. चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या लोह-ऑक्साइड व काचेच्या पुडीने रंगवून भट्टीत ६०० अंशांच्या वर भाजतात. भाजणी कमी झाली असेल तर हे रंगकाम सुटू लागते. मग ओल्या फडक्याने पुसतानाही संताचा चेहरा जातो.

काचेचे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवलेले असतात आणि सांधे कथील-शिशाने डागलेले. शिसे उन्हाने काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. रोजच्या तापण्या-निवण्याने ते थकते, सांध्यापाशी तडकते, आणि खिडकीला पोट येते. खिडकी आडव्या लोखंडी सळ्यांना तांब्याच्या तारेने बांधलेली असते. त्या तारा तुटल्या की पोट लवकर वाढते. सळ्यांचा गंज तर वेगळेच संकट. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि सळी जिथे दगडात रुतली आहे तिथे दगड फोडतो. समुद्राकाठी साधे स्टेनलेस स्टीलही डागाळते. मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे किंवा कांस्य वापरावे. खिडकीच्या बचावासाठी बाहेरून पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवायचा झाला, तर वर-खाली हवेची फट सोडलीच पाहिजे, नाहीतर मधली हवा तापते आणि रात्री काचेवर पाणी धरते.

जमिनीवरच्या नक्षीदार एन्कॉस्टिक फरश्या इंग्रज वास्तुकार विल्यम बटरफिल्ड यांच्या आखणीच्या, इंग्लंडहून आणलेल्या. एन्कॉस्टिक फरशीवर नक्षी रंगवलेली नसते. ओल्या मातीवर साचा दाबून खळगी करतात, त्यात दुसऱ्या रंगाच्या मातीचा घोळ ओततात, सुकल्यावर पृष्ठभाग तासतात आणि दोन्ही माती एकत्र भाजतात. सॅम्युअल राइट यांनी १८३० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले आणि हर्बर्ट मिंटन यांनी ती कारखान्यात रुळवली. अवघड भाग एकच: दोन्ही माती सुकताना आणि भाजताना सारख्याच आकसल्या पाहिजेत. नाहीतर नक्षी तडकून सुटते. नक्षीचा थर काही मिलिमीटरचा असल्याने लाखो पावले पडूनही आकृती राहते. अशा फरशीचा शत्रू म्हणजे ॲसिड. ते फरशीखालचा चुना विरघळवते आणि क्षार वर आणते. सौम्य साबण, कमी पाणी आणि कोरडे पुसणे पुरते. वरून प्लास्टिकसारखा चकचकीत लेप देऊ नये, ओल खाली अडकते.

छताच्या सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, कारण त्याच्या गाभ्यात तिला न मानवणारी रसायने असतात. पण बाहेरचा फिकट थर राहून गेला असेल तर तो खाल्ला जातो. कुजण्याची सुरुवात बहुधा भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकापासून होते. तपासणी तिथून करावी, मधल्या भागापासून नव्हे.

स्मृतिशिलांवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांची नावे संख्या फार म्हणून नोंदली नाहीत, असे तिथल्या कोरीव लेखातच म्हटले आहे. ही उणीव कोणत्याही दुरुस्तीने भरून निघणारी नाही.

मनोऱ्यातल्या आठ घंटा इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर ओतशाळेच्या, १९०४ मधल्या. घंटेच्या कांस्यात साधारण ७७ टक्के तांबे आणि २३ टक्के कथील असते. कथील एवढे असल्यानेच नाद टिकतो, आणि त्यामुळेच धातू ठिसूळही होतो. एका टोल्यात अनेक स्वर असतात. चरकावर (लेथवर) आतून धातू खरवडून त्यातले पाच मुख्य स्वर जुळवायची पद्धत टेलर यांनी १८९० च्या दशकात रूढ केली होती. लोळी, म्हणजे घंटेतला लोलक, वर्षानुवर्षे एकाच जागी आदळली की तिथे धातू झिजतो. तेव्हा घंटा थोडी फिरवून टांगतात. दोरी थेट लोळीला बांधून ओढणे मात्र टाळावे. त्यात लोळी घंटेला चिकटून राहते, कंपनांना मोकळीक मिळत नाही आणि कड तडकते.