कारखाना कायदा, १८३३ (ब्रिटन)

कापड गिरण्यांतील मुलांच्या कामाचे तास ठरवून ते तपासायला पगारी सरकारी निरीक्षक नेमणारा ब्रिटिश संसदेचा पहिला कायदा. १८०२ आणि १८१९ चे कायदे स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या भरवशावर सोडले होते, म्हणून ते कागदावरच राहिले.

वाफेवर किंवा पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना बंदी झाली. रेशीम गिरण्या मात्र सुटल्या. ९ ते १३ वयाच्या मुलांना दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास, १८ वर्षांपर्यंत दिवसाला १२ व आठवड्याला ६९ तास ही मर्यादा. १८ वर्षांखालील कोणालाही रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच काम देता येईना. लहान मुलांना रोज दोन तास शाळा सक्तीची होती.

प्रौढांचे तास मात्र मोकळेच राहिले. तुटलेले धागे सांधणारी मुले घरी गेली की सूतकताईही थांबते. म्हणून मुलांचे तास १० वर आणले की मोठ्यांचेही आपोआप उतरतील, असा दहा तासांच्या चळवळीचे पुढारी रिचर्ड ओस्लर आणि यॉर्कशर-लँकेशरच्या कामगारांचा हिशोब होता. मुलांच्या दोन पाळ्या लावण्याची वाट ठेवून सरकारने तो मोडला. मजुरांचा संताप रास्त होता.

खरी अडचण वयाची. इंग्लंड-वेल्समध्ये जन्मनोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. तोवर डॉक्टर मुलाची अंगकाठी पाहून दाखला देत. मजुरी बुडेल या धास्तीने आईबापच वय वाढवून सांगत. पुढे उंची आणि दात पाहून वय ठरवण्याचेही प्रयत्न झाले. शाळेच्या दाखल्यांचीही तीच गत: काही दाखल्यांवर शिक्षकाच्या सहीच्या जागी फुली असे, कारण त्यालाच लिहिता येत नसे. १८४४ च्या कायद्याने शिक्षकाने स्वहस्ते लिहिण्याची अट घातली.

सगळ्या देशाला निरीक्षक चारच, वार्षिक पगार १,००० पौंड. त्यांपैकी रॉबर्ट रिकर्ड्‌स पूर्वी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. लिओनार्ड हॉर्नर यांनी सुमारे पाव शतक हे काम चिकाटीने केले. गिरणीत शिरण्याचा, साक्ष घेण्याचा हक्क आणि नियमित छापील अहवाल ही त्यांची खरी ताकद. या अहवालांमुळे पळवाटा संसदेपुढे उघड्या पडत गेल्या. स्त्रिया व १८ खालील मुलांसाठी दहा तासांचा कायदा १८४७ मध्ये झाला. हिंदुस्थानच्या १८८१ च्या कारखाना कायद्यात किमान वय अवघे ७ होते.