तपासाचं कंत्राट आणि सफाईचं कंत्राट: अमेरिकेतल्या जुन्या लष्करी जागांवर कोणाला कशासाठी नेमतात

अमेरिकेत एखाद्या बंद पडलेल्या लष्करी तळाच्या आसपास बातमी येते की अमुक इंजिनिअरिंग कंपनीला तिथल्या प्रदूषित जमिनीचं कंत्राट मिळालं. वाचणाऱ्याला वाटतं, आता ट्रक येतील आणि माती उचलली जाईल. दोन वर्षं जातात. जागेवर पाच-दहा निरीक्षण विहिरी दिसतात, माती मात्र होती तिथेच असते. लोक चिडतात, पैसे कुठे गेले म्हणून विचारतात. पुष्कळदा यात घोटाळा काहीच नसतो. त्या कंपनीला सफाईचं काम मिळालेलंच नसतं, तपासाचं मिळालेलं असतं.

हा गोंधळ सहज होतो, कारण मोठ्या कंपन्या दोन्ही कामं करतात, बातमीत नाव तेच असतं आणि पैसेही त्याच संरक्षण खात्याचे असतात. पण कंपनी निवडायची पद्धत, पैसे ठरवायची पद्धत आणि चूक झाली तर जबाबदारी कशी येते, या तिन्ही बाबतींत ही दोन कंत्राटं एकमेकांपासून फार लांब आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रदूषित जागांच्या सफाईसाठीच्या 1980 च्या सुपरफंड कायद्यात 1986 मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि लष्करी जागांच्या सफाईचा वेगळा कार्यक्रम उभा राहिला. 17 ऑक्टोबर 1986 पूर्वीच लष्कराच्या हातून गेलेल्या जागा आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी शाखेकडे, आल्या. कुठे जुना दारूगोळ्याचा कारखाना, कुठे बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान, कुठे आता ज्यावर घरं उभी आहेत असा तळ. 1988 ते 2005 या काळात पाच फेऱ्यांत जे तळ बंद केले गेले, त्यांची जबाबदारी ज्या त्या दलाकडे राहिली. वाट साधारण सारखीच: जुने कागद आणि प्राथमिक पाहणी, मग सविस्तर तपास, मग उपायांची तुलना, लोकांचं म्हणणं ऐकून लेखी निर्णय, मग आराखडा आणि शेवटी प्रत्यक्ष काम. निर्णयापर्यंतचा सगळा भाग तपासात मोडतो. सफाई त्याच्यापुढे सुरू होते.

तपासासाठी कंपनी नेमताना दर विचारतच नाहीत. टेंडर म्हणजे सर्वांत कमी दर, हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्या आपल्याकडच्या इंजिनिअरांना याचं सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. 1972 चा ब्रुक्स कायदा सांगतो की वास्तुविशारद आणि इंजिनिअर यांच्या सेवा सरकारने पात्रता पाहून घ्याव्यात आणि मोबदला वाजवी असावा. टेक्सासचे काँग्रेस सदस्य जॅक ब्रुक्स यांच्यावरून हे नाव पडलं. व्यवहारात ते असं चालतं. सरकार जाहीर सूचना काढतं. इच्छुक कंपन्या स्टँडर्ड फॉर्म 330 भरून देतात. त्यात कोण माणसं काम करणार, त्यांचं शिक्षण आणि परवाने काय, अशा प्रकारची कामं आधी कुठे केली, हे सगळं असतं. किमतीचा रकाना त्यात नाही. सरकारी अभियंत्यांचं मंडळ अर्ज तपासतं, निदान तीन सर्वांत पात्र कंपन्यांशी बोलतं आणि त्यांचा क्रम लावतं. त्यानंतर फक्त पहिल्या कंपनीला बोलावून किमतीची बोलणी सुरू होतात. सरकारकडे स्वतःचं अंदाजपत्रक तयार असतं. जमलं नाही तर बोलणी रीतसर थांबवून दुसऱ्या क्रमांकाकडे जातात.

दर बाजूला ठेवण्यामागे साधं कारण आहे. तपास सुरू होताना काय आणि किती सापडेल हे कोणालाच माहीत नसतं. विहिरी आठ लागतील की ऐंशी, भूजल कोणत्या दिशेने वाहतंय, धातू धुण्याचं ट्रायक्लोरोएथिलीन खडकाच्या भेगांत किती खोल उतरलंय, हे तपासातूनच कळायचं. अशा वेळी स्वस्त दर द्यायचा एकच खात्रीचा मार्ग असतो: कमी विहिरी, कमी नमुने, जुन्या कागदपत्रांवर कमी तास. आणि यातली कोणतीही काटछाट अहवालात दिसत नाही. जो नमुना घेतलाच नाही, त्याचा आकडा तक्त्यात येत नाही. अहवाल स्वच्छ दिसतो.

तपास चुकला की काय होतं, हे वॉशिंग्टन शहरातल्या स्प्रिंग व्हॅली या वस्तीने भोगलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या आवारात आणि भोवतीच्या शेतजमिनीवर लष्कराचं रासायनिक शस्त्रांचं संशोधन केंद्र होतं. मस्टर्ड आणि लुइसाइट ही विषारी युद्धरसायनं आणि आर्सेनिकची संयुगं तिथे बनवून तपासली जात. युद्ध संपलं, केंद्र बंद झालं, पुढे तिथे महागडी घरं झाली. जानेवारी 1993 मध्ये चर खणताना मजुरांना पुरलेले तोफगोळे सापडले. सुमारे 660 एकरांचा तपास झाला आणि 1995 मध्ये निर्णय आला की आणखी काही करायची गरज नाही. शहराच्या प्रशासनाने शंका घेणं सोडलं नाही. 1998 मध्ये कोअर ऑफ इंजिनिअर्सने मान्य केलं की शस्त्रं पुरलेल्या खड्ड्याच्या एका संशयित जागेचं ठिकाण नकाशावर चुकलं होतं. काम पुन्हा उघडलं. दक्षिण कोरियाच्या राजदूतांच्या निवासाच्या आवारात शस्त्रांनी भरलेले खड्डे निघाले. मग सुमारे 1600 मालमत्तांमध्ये मातीतलं आर्सेनिक तपासलं गेलं. 2012 मध्ये ग्लेनब्रुक रोडवरचं एक अख्खं घर पाडलं, कारण त्याखाली काय आहे हे पाहणं भाग होतं.

1995 चा निर्णय कोणाच्या आळसामुळे झाला असं मी म्हणत नाही. पण जुने फोटो आणि नकाशे आजच्या जमिनीवर अचूक बसवणं हे कसबाचं काम आहे, आणि ते चुकलं तर पुढची सगळी सफाई भलत्याच जागी होते किंवा होतच नाही. तिथे राहणाऱ्या कुटुंबांची मधली वर्षं कोणत्याही हिशेबात येत नाहीत. म्हणून तपासासाठी माणसं निवडताना त्यांचा दर न पाहण्याची ही पद्धत मला मनापासून योग्य वाटते. त्यात स्पर्धा कमी होते हा आक्षेप खरा आहे, तरीही.

आता सफाईचं कंत्राट. इथे निर्णयाचा कागद हातात असतो. कोणता पदार्थ, मातीत किती प्रमाणापर्यंत खाली आणायचा, कोणत्या हद्दीत, किती खोल. इतक्या घनयार्ड माती खणून परवानाधारक विल्हेवाट केंद्रात न्यायची, इतक्या विहिरींतून पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून सोडायचं, अशी मोजमापं मांडता येतात. मोजता येतं म्हणून दराची स्पर्धाही घेता येते. काही ठिकाणी तांत्रिक किमान पातळी गाठणाऱ्यांत सर्वांत स्वस्त कंपनी निवडतात, काही ठिकाणी तांत्रिक गुण आणि किंमत एकमेकांसमोर ठेवून तोलतात. काम बांधकामाच्या स्वरूपाचं असेल तर 1935 च्या मिलर कायद्यानुसार कंपनीला काम पूर्ण करण्याची हमी आणि मजूर-पुरवठादारांचे पैसे देण्याची हमी असे दोन बॉण्ड द्यावे लागतात. तपासाच्या कंत्राटात अशी हमी सहसा नसते. तिथे जबाबदारी व्यावसायिक असते. इंजिनिअरच्या निष्काळजीपणामुळे सरकारला भुर्दंड पडला तर तो त्याच्याकडून वसूल करता येतो, पण निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. सफाईच्या ठेकेदाराने ठरलेलं काम पुरं केलं की नाही, एवढाच प्रश्न असतो.

अर्थात मोजमापंही फसतात. खणायला लागल्यावर प्रदूषणाचा डाग नकाशापेक्षा मोठा निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. मग वाढीव कामाचे दावे येतात आणि सुरुवातीची स्वस्त बोली शेवटी स्वस्त राहत नाही. असा दावा आला की ठेकेदारावर तोंडसुख घेण्याआधी तपासाचा अहवाल काढून पाहावा. पुष्कळदा मूळ तिथे सापडतं.

नौदलाने हा फरक कंत्राटांच्या नावांतच ठेवला. अभ्यास आणि आराखड्यासाठी 'क्लीन' या संक्षिप्त नावाची कंत्राटं, प्रत्यक्ष कामासाठी 'रॅक'. गंमत अशी की क्लीन नावाच्या कंत्राटात सफाई नाही, म्हणून नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते. शिवाय केंद्रीय खरेदी नियम सांगतात की ज्या कंपनीने बांधकामाचा आराखडा केला, तिला किंवा तिच्या संलग्न कंपनीला, वरिष्ठांच्या खास मंजुरीशिवाय, त्याच प्रकल्पाचं बांधकाम द्यायचं नाही. तपासणाऱ्याने दुखणं वाढवून सांगावं आणि मग उपचाराचं बिलही त्यानेच लावावं, हा धोका उघड आहे.

तरी दोन्ही कामं एकत्र देण्याचे प्रयोग झाले. 1990 च्या दशकात कोअर ऑफ इंजिनिअर्सने तपासापासून सफाईपर्यंत सगळं एकाच कंपनीकडे सोपवणारी मोठी कंत्राटं काढली. खर्च होईल तसा भरून द्यायचा. 2000 नंतर आर्मीने निश्चित किमतीत अंतिम परिणामाची हमी मागणारी कंत्राटं आणली. त्यामागचं कारण खरं होतं. एका कंपनीकडून दुसरीकडे काम जाताना माहिती गळते. नवी कंपनी जुन्या अहवालावर विश्वास ठेवत नाही, पुन्हा नमुने घेते, आणि यात वर्षं जातात. लहान, सरळ जागेसाठी, उदाहरणार्थ पेट्रोलच्या एका गळक्या टाकीसाठी, एकच कंपनी नेमणं मला शहाणपणाचं वाटतं. गुंतागुंतीच्या जागेवर मात्र दुसरी नजर लागतेच.

ती नजर सैल पडल्याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट गोदीत सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर 1969 पर्यंत नौदलाची किरणोत्सर्ग संशोधन प्रयोगशाळा तिथे होती, आणि 1989 मध्ये ही जागा सुपरफंडच्या राष्ट्रीय यादीत गेली. सफाईचं काम असलेल्या टेट्रा टेक ईसी या कंपनीकडेच जमीन स्वच्छ झाल्याचे मातीचे नमुने घेण्याचं कामही होतं. तिच्या दोन माजी पर्यवेक्षकांनी नोंदी खोट्या केल्याचं न्यायालयात कबूल केलं. संशयित जागेच्या मातीऐवजी स्वच्छ जागेची माती नमुना म्हणून दिली गेली होती. 2018 मध्ये दोघांना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली, आणि नौदलाला पुन्हा तपासणी करावी लागली. शेजारच्या बेव्ह्यू वस्तीतल्या लोकांचा विश्वास कोणत्याही नव्या चाचणीने लवकर परत येईल असं दिसत नाही. सफाई झाल्याचा पुरावा हेही तपासाचंच काम आहे. ते सफाई कंत्राटाच्या पोटात ढकललं की परीक्षा देणारा आणि तपासणारा एकच होतो.

न फुटलेल्या दारूगोळ्याच्या बाबतीत मात्र ही रेघ खरोखर पुसट होते. जमिनीखाली धातू आहे हे उपकरण सांगतं. तो तोफगोळा आहे की नांगराचा तुटका फाळ, हे खणल्याशिवाय बरेचदा कळत नाही. आणि खणून तोफगोळा निघाला तर तो तिथेच ठेवून अहवाल लिहायला जाता येत नाही. तपास करता करता काही सफाई होऊन जाते. अशा जागी कामाची रचना सुरुवातीपासून वेगळी असते, आणि खणायला सुरुवात करण्याआधी स्फोटक-सुरक्षेची मंजुरी लागते.

मग कंत्राट कोणतं आहे हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? सूचनेत फॉर्म 330 मागितला असेल आणि किमतीचा तक्ता नसेल, तर ते तपासाचं किंवा आराखड्याचं आहे. घनयार्ड, टन, बॉण्ड असे शब्द असतील तर सफाईचं. बहुतेक कंत्राटं एका जागेची नसतातच. काही वर्षांसाठी कंपन्यांना यादीवर घेतात आणि गरज पडेल तसे छोटे कार्यादेश काढतात. त्यामुळे बातमीतली कोट्यवधी डॉलर्सची रक्कम ही फक्त कमाल मर्यादा असते. आपल्या गावच्या जागेसाठी प्रत्यक्षात कोणता कार्यादेश निघाला, हे विचारावं लागतं.

सध्या हे विचारणं विशेष गरजेचं झालंय. आग विझवायच्या फेसातून जमिनीत गेलेल्या पीफास रसायनांसाठी संरक्षण खातं 700 हून जास्त ठिकाणं तपासतंय, आणि एप्रिल 2024 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांची मर्यादा एक लाख कोटी भागांत 4 भाग इतकी खाली आणली. यातल्या बहुतेक ठिकाणी अजून तपासच सुरू आहे. पुष्कळ तळांजवळ नागरिकांची सल्लागार मंडळं आहेत आणि त्यांच्या बैठकांना कोणीही जाऊ शकतं. तिथे दोन प्रश्न लावून धरावेत: हा कार्यादेश कोणत्या टप्प्याचा आहे, आणि शेवटचे नमुने ज्या कंपनीने माती उचलली तीच घेणार आहे का.