खटल्याची सांघिक तयारी

एकाच प्रकरणातील तथ्ये, कागदपत्रे, कायदा आणि युक्तिवाद यांवर दोन किंवा अधिक वकिलांनी मिळून काम करण्याच्या पद्धतीला खटल्याची सांघिक तयारी म्हणतात. काही ठिकाणी ही विभागणी व्यवसायाच्या रचनेतच आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (पक्षकाराशी थेट व्यवहार करून प्रकरण तयार करणारा वकील) आणि बॅरिस्टर (मुख्यतः न्यायालयात बाजू मांडणारा वकील) या परंपरेने वेगळ्या शाखा आहेत. भारतात ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ ने वरिष्ठ वकिलांचा (न्यायालयाने ‘सीनियर ॲडव्होकेट’ हा दर्जा दिलेल्यांचा) वेगळा वर्ग केला असून त्यांना स्वतः वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याचे अधिकारपत्र, दाखल करता येत नाही, त्यामुळे सोबत दुसरा वकील लागतोच. मात्र कामाची वाटणी हा सांघिक तयारीचा दुय्यम फायदा होय. खरा फायदा एकाचे काम दुसऱ्याने तपासण्यात आहे.

तयारीचा पाया म्हणजे घटनाक्रमाचा तक्ता. त्यात तारीख, घटना, आधाराचा कागद व पान क्रमांक, ती घटना शाबीत करणारा साक्षीदार आणि प्रतिपक्षाचे म्हणणे असे रकाने असतात. एकाने तक्ता करावा आणि दुसऱ्याने प्रत्येक नोंद मूळ कागदाशी ताडून पाहावी. नोटीस ३ तारखेची आणि पोचपावती १९ तारखेची असेल, मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची असेल आणि तक्त्यात ३ तारीख पडली असेल, तर मुदतीचा सगळा मुद्दा कोसळतो. तक्ता करणाऱ्याला स्वतःची अशी चूक सहसा दिसत नाही.

मसुद्याच्या लेखनात सहभागी नसलेल्या एका वकिलाने प्रतिपक्षाची भूमिका घेऊन त्यावर हल्ला चढवावा. हे सुनावणीच्या आदल्या रात्री करून उपयोग नाही. राहिलेला कागद मिळवायला किंवा पूरक प्रतिज्ञापत्र करायला वेळ उरला पाहिजे. उलटतपासात एकजण प्रश्न विचारतो, तर दुसरा साक्षीदाराचा आधीचा जबाब समोर ठेवून उत्तरांतील तफावत टिपतो आणि सुटलेला मुद्दा चिठ्ठीने कळवतो.

सांघिक कामाचे धोकेही ठरलेले आहेत. परिच्छेद वाटून लिहिले की एकीकडे ‘करार झालाच नाही’ आणि दुसरीकडे ‘कराराचा भंग झाला’ अशी विसंगती शिरते. असे पर्यायी बचाव घ्यायचे असल्यास ते पर्यायी असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. म्हणून अखेरचा हात एकाच वकिलाचा असावा. ‘दुसरा बघत असेल’ या समजुतीने मुदती चुकतात, तेव्हा प्रत्येक तारखेसमोर जबाबदार व्यक्तीचे नाव हवे. नव्या सदस्याचा प्रतिपक्षाशी हितसंबंध आहे का, हे त्याला कागद दाखवण्यापूर्वीच तपासतात. गोपनीयतेचे बंधन कारकुनासह सर्वांवर असते. किरकोळ, वाद नसलेल्या कामात मोठा संघ पक्षकाराचा खर्च वाढवतो. तिथे एक लिहिणारा आणि एक तपासणारा पुरतो.