टेस्लाची काळी पडलेली स्क्रीन आणि वॉरंटीचं भांडण: हे सुरू कुठून झालं

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हणलं की घरातले पहिला प्रश्न बॅटरीचाच विचारतात, बॅटरी गेली तर काय, किती लाखाला पडेल वगैरे. स्क्रीन गेली तर काय, हे कोणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं. पण टेस्ला या अमेरिकन कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या वॉरंटीवरून अमेरिकेत जे एक मोठं भांडण झालं, थेट सरकारी रिकॉलपर्यंत (म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून कंपनीने फुकट दुरुस्त करायच्या) गेलं, ते बॅटरीवरून नव्हतं, स्क्रीनमागच्या एका ८ जीबीच्या चिपवरून होतं. आपल्या मोबाईलमधल्या मेमरी कार्डाएवढी तिची ऐपत आणि तिच्यावर पाऊण कोटीची गाडी टांगलेली.

गाडीत टचस्क्रीन ही टेस्लाची आयडिया वगैरे नाही बरं का. १९८६ ला अमेरिकेत ब्यूकने रिव्हिएरा गाडीत ९ इंची टचस्क्रीन दिली होती, तीही जुन्या टीव्हीसारखी पिक्चर ट्यूबवाली, रेडिओ आणि एसी दोन्ही तिच्यावर. लोकांना आवडली नाही, चालवताना नजर रस्त्यावरून हटते ही तक्रार तेव्हाचीच, आणि १९९० च्या मॉडेलपासून ब्यूकने ती काढून टाकून परत बटणं लावली. पुढे स्क्रीन आल्या पण नकाशा आणि गाण्यांपुरत्या, बाकी बटणं जागच्या जागी. त्यामुळे स्क्रीन मेली तरी गाणी बंद एवढंच, एसीचा नॉब होताच.

२०१२ च्या जूनमधे टेस्लाची मॉडेल एस आली आणि डॅशबोर्डच्या मधोमध उभी १७ इंची स्क्रीन, आजूबाजूला बटणं जवळपास नाहीतच. एसी, काचेवरचं धुकं घालवणारा डिफ्रॉस्ट, रिव्हर्स कॅमेरा, चार्जिंगच्या सेटिंग, सगळं त्या एका काचेवर. बघणारे खुळावले, मी पण व्हिडीओ बघून खुळावलो होतो, खोटं कशाला बोला. या स्क्रीनमागचा जो कॉम्प्युटर होता त्याला एमसीयू म्हणतात, म्हणजे मीडिया कंट्रोल युनिट, आणि सगळी गोची इथेच आहे बहुतेक, नाव मीडियाचं आणि काम अख्ख्या गाडीचं. आत एनव्हिडियाचा टेग्रा ३ प्रोसेसर, जो त्या काळात टॅबलेटमधे असायचा, आणि त्याच्या जोडीला ८ जीबीची ईएमएमसी चिप, म्हणजे माहिती साठवणारी फ्लॅश मेमरी. २०१५ ला मॉडेल एक्स आली तिच्यातही हेच.

आता ही चिप मरते कशी ते जरा नीट सांगतो कारण वॉरंटीचा सगळा वाद त्यावरच आहे. फ्लॅश मेमरीवर लिहिणं-पुसणं अमर्याद चालत नाही, वहीच्या एकाच पानावर पेन्सिलीने लिहून खोडत राहिलं की शेवटी कागद फाटतो तसं. या चिपच्या प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे कप्प्याला, साधारण ३००० वेळा लिहा-पुसा एवढं आयुष्य होतं. आणि गाडीतली लिनक्स सिस्टीम दिवसभर लॉग लिहीत बसायची, म्हणजे बारीकसारीक नोंदी, ज्या मालकाला कधी दिसणारही नाहीत. त्यात दर अपडेटला सॉफ्टवेअर फुगत गेलं, मोकळी जागा कमी, म्हणजे उरलेल्या ब्लॉकवर घासाघीस अजून जास्त. रोज साधारण १.४ वेळा लिहा-पुसा असा वापर धरला तर ३००० भागिले १.४ म्हणजे सुमारे २१४० दिवस, म्हणजे सहा वर्षं पण पूर्ण नाहीत. हा हिशोब कुठल्या टीकाकाराचा नाही, खुद्द टेस्लाने सरकारला दिलेल्या उत्तरातला आहे, त्यावर पुढे येतोच.

आणि गाडीची सर्वसाधारण वॉरंटी किती, तर ४ वर्षं किंवा ५० हजार मैल. बॅटरी आणि मोटरला ८ वर्षं. स्क्रीन अर्थातच पहिल्या गटात. म्हणजे चिप मरणार पाचव्या-सहाव्या वर्षी आणि वॉरंटी संपणार चौथ्या, इतकं व्यवस्थित की कोणी ठरवून केलंय असं वाटावं, तसं नसेल, पण खिशातून पैसे गेलेल्या माणसाला ते पटवून दाखवा.

मरण एकदम येत नाही. आधी स्क्रीन सुस्त होते, बोट लावलं की चार सेकंदांनी जागी होते, नकाशाचे चौकोन पांढरेच राहतात. मग आपोआप रीस्टार्ट व्हायला लागते. मालक लोकांना तोवर स्टिअरिंगवरची दोन्ही छोटी चाकं एकदम दाबून धरून रीबूट करायची सवय लागलेली असते, लाल दिव्याला थांबलं की दाब, आली परत की हुश्श. आणि मग एके दिवशी दाबून धरलं तरी काळीच. गाडी चालते हां, ब्रेक, स्टिअरिंग, मोटर सगळं नीट, पण रिव्हर्स घेताना कॅमेरा नाही, इंडिकेटर दिला की टिकटिक ऐकू येत नाही, आणि थंडीत काचेवर धुकं धरलं तर डिफ्रॉस्ट लावायला बटणच नाही. मिनेसोटासारख्या ठिकाणी जानेवारीत ही गंमत राहत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सर्व्हिस सेंटर चिप बदलत नसे, अख्खा एमसीयू बदलत असे, आणि वॉरंटीबाहेर त्याचे दोन हजार डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. वर सुरुवातीला बदलून मिळायचा तो पण ८ जीबीवालाच, म्हणजे घड्याळ परत शून्यापासून चालू. चिपची स्वतःची किंमत काही डॉलर. साहजिकच बाहेरचे कारागीर यात उतरले, बोर्ड काढायचा, गरम हवेने चिप उकलायची, जुन्या चिपवरचा डेटा वाचून मोठ्या चिपवर उतरवायचा आणि परत डकवायची, काम काही शे डॉलरमधे. पण अट एकच, चिप पूर्ण मरायच्या आत आणायची, कारण गाडीची ओळख पटवणारा डेटा पण तिच्यातच. एकदा वाचता येईनाशी झाली की कारागीर पण हात वर करणार. २०१९ पर्यंत या बाहेरच्या लोकांनीच हा लॉगचा घोळ उघड्यावर आणला होता.

मधे एक वेगळं प्रकरण, पिवळ्या कडांचं. स्क्रीनच्या आतला गोंद उन्हा-तापमानाने कडेकडेला पिवळा पडायचा, चहाचा डाग असतो ना तसा. २०१९ मधे टेस्लाने त्यावर इलाज काढला तो म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिवा, स्क्रीनवर ठेवून पिवळेपणा घालवायचा. काहींचा गेला, काहींचा परत आला. हे दिसायला वाईट पण धोक्याचं नाही, म्हणून यावर रिकॉल झाला नाही, आणि हाच फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकन कायद्यात दोष सुरक्षेचा ठरला तरच कंपनीला फुकट दुरुस्तीची सक्ती, नाहीतर मग वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा.

२०१८ च्या मार्चपासून नव्या गाड्यांत इंटेलचा प्रोसेसर आणि ६४ जीबीची चिप आली. २०२० च्या मार्चमधे जुन्या मालकांसाठी पण हा नवा कॉम्प्युटर २,५०० डॉलरला अपग्रेड म्हणून काढला (पुढे तो १,५०० वर आला). आणि त्यात एएम-एफएम रेडिओ नाही, तो पाहिजे तर वेगळे पैसे! म्हणजे ज्याची चिप आचके देतेय त्याने दुरुस्तीच्या ऐवजी अपग्रेड घ्यायचं, आणि पैसे त्यानेच भरायचे.

२०२० च्या जूनमधे अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसएने चौकशी उघडली, हातात तक्रारी किती तर अवघ्या ११. मग कंपनीकडून आकडे मागवले आणि पेटारा उघडला. २,३९९ तक्रारी आणि फील्ड रिपोर्ट (प्रत्यक्ष गाड्यांतल्या बिघाडांचे अहवाल), वॉरंटीत बदललेले ७,७७७ आणि वॉरंटीबाहेर बदललेले ४,७४६ एमसीयू. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. काही महिन्यांत बनलेल्या गाड्यांत तर बिघाडाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर. कंपनीच्याच अंदाजाने बिघाड २०२२ च्या सुरुवातीला शिगेला पोचणार होते आणि २०२८ पर्यंत जवळपास सगळ्याच चिप बदलून झालेल्या असणार होत्या. म्हणजे जातील का हा प्रश्नच नव्हता, कधी जातील एवढाच होता.

नोव्हेंबर २०२० मधे चौकशी वरच्या पायरीवर गेली, १,५८,००० गाड्यांवर, आणि त्याच महिन्यात टेस्लाने स्वतःहून त्या चिपची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली, आधी पैसे भरलेल्यांना परतावा देऊ म्हणाले. फक्त चिपची हां, पिवळ्या कडा वगैरे यात नाहीत. बऱ्याच जणांचं भांडण इथेच मिटलं असतं. पण संस्थेचं म्हणणं पडलं की वॉरंटी वाढवणं म्हणजे रिकॉल नव्हे, वॉरंटीत मालकाने चिप मरेपर्यंत थांबायचं असतं, आणि ती मरणार नेमकी रिव्हर्स घेताना. टेस्लाने इंटरनेटवरून थेट गाडीत अपडेट पाठवून लॉग लिहिणं कमी केलं होतं ते पण पुरेसं मानलं नाही. १३ जानेवारी २०२१ ला पत्र गेलं, रिकॉल करा.

टेस्लाचं उत्तर वाचण्यासारखं होतं. त्यांचा सूर असा की हा दोषच नाही, ही झिजणारी वस्तू आहे, पाच-सहा वर्षं आयुष्य काही कमी नाही, आणि असले भाग गाडीच्या पूर्ण आयुष्याइतके टिकावेत ही अपेक्षा आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही. वरचा १.४ वाला हिशोब तो हाच. आता झिजणारी वस्तू म्हणजे टायर, ब्रेक पॅड, वायपर, ते झिजतात हे दिसतं आणि कोपऱ्यावर बदलून मिळतात. चिप झिजतेय हे मालकाला कळणार कसं? तिला ना डोळ्याने बघता येतं ना किलोमीटर मोजून अंदाज येतो. मला विचाराल तर कंपनीचा युक्तिवाद इथेच लंगडा पडला. तरी २ फेब्रुवारी २०२१ ला रिकॉल जाहीर झाला, १,३४,९५१ गाड्या, ८ जीबीच्या जागी ६४ जीबीचा बोर्ड, फुकट. दोष मान्य नाही पण पुढे लढायचं नाही म्हणून करतोय, असं म्हणत म्हणत.

नंतर स्क्रीनची दुखणी संपली असं नाही, फक्त चिपऐवजी दुसरं काहीतरी. मे २०२२ मधे टेस्लाच्याच सुमारे १ लाख ३० हजार गाड्यांचा रिकॉल, फास्ट चार्जिंगच्या वेळी प्रोसेसर तापून स्क्रीन बंद, ते मात्र अपडेटने निस्तरलं. जानेवारी २०२५ मधे सुमारे २ लाख ३९ हजार, सर्किट बोर्ड शॉर्ट होऊन रिव्हर्स कॅमेरा गायब. कॅमेरा प्रत्येक वेळी मधे येतो बघा, कारण अमेरिकेत मे २०१८ पासून तो नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, स्क्रीन कायद्याच्या कचाट्यात सापडते ती त्याच्यामुळे. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं. ब्यूकची १९९० ची आठवण येते की नाही.

आपल्याकडे टेस्ला आली १५ जुलै २०२५ ला, मुंबईत बीकेसीला, मॉडेल वाय ५९ लाख ८९ हजारापासून. ८ जीबीवाल्या गाड्या अधिकृतपणे इथे कधी विकल्याच नाहीत त्यामुळे तो वाद आपल्याला थेट लागू नाही. पण मोठ्या स्क्रीन तोवर रांजणगाव-चाकणहून निघणाऱ्या गाड्यांत येऊन बसल्या होत्याच, महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मधे तर १२.३ इंचाच्या तीन. रिकॉलची सक्ती करायचा अधिकार सरकारला एप्रिल २०२१ पासून आहे, टेस्लाच्या त्या रिकॉलनंतर दोनच महिन्यांनी योगायोगाने, पण तो ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच, आणि ठराविक संख्येने तक्रारी जमल्या तर.

माझ्या गाडीची (कंपनीचं नाव राहू दे) स्क्रीन मागच्या पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात गोठली, नेमका डिफॉगर लावायचा होता. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, साहेब, सॉफ्टवेअर अपडेट मारून देतो, होईल नीट. झाली पण. घरी येऊन पहिल्यांदा वॉरंटीचं पुस्तक उघडलं, बॅटरी-मोटर ८ वर्षं, बाकी सगळं ३, आणि स्क्रीन त्या बाकी सगळ्यात. ३ वर्षं येत्या मार्चमधे संपतात.