कमी असेल ती रक्कम

२९ ऑगस्ट २००५ ला कतरिना चक्रीवादळ अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्सचे बांध आणि काँक्रीटच्या पूरभिंती पन्नासेक ठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोअर नाइन्थ वॉर्ड ही जवळपास संपूर्ण कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथे इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत कोसळली आणि लोंढ्याने घरंच्या घरं पायावरून उचलली. हे सगळं बरंच लिहून झालंय. त्यानंतरचं एक गणित मात्र फारसं कुणी सांगत नाही.

घरं पुन्हा उभी करायला केंद्राच्या पैशातून राज्याने 'रोड होम' योजना आणली. मदत किती? घराची वादळाआधीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यांपैकी कमी असेल ती रक्कम. त्यातून विम्याचे पैसे वजा, आणि कमाल मर्यादा दीड लाख डॉलर. नियमात वंशाचा उल्लेख कुठेच नाही. आता धरा, दोन सारखीच घरं आहेत, दोन्हींच्या दुरुस्तीला सव्वा लाख डॉलर लागणार. एकाची बाजारातली किंमत दोन लाख, दुसऱ्याची साठ हजार. पहिल्याला सव्वा लाख मिळतात, दुसऱ्याला साठ हजार. प्लायवूड, खिळे आणि गवंडी दोघांनाही एकाच भावात घ्यायचे असतात.

ती साठ हजारांची किंमत आली कुठून? १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात रंगवल्या गेल्या होत्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून भाव नाही. सत्तर वर्षांपूर्वीचा हा भेदभाव सूत्राने आकड्याच्या रूपात जसाच्या तसा उचलला.

दुसरी अडचण कागदांची. लोअर नाइन्थमध्ये निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्या घरात राहत, पण कित्येक घरं आजोबांच्या नावावरच राहिलेली. वारसनोंद न करणं हे आपल्याकडेही नवं नाही. मालकी सिद्ध होईना, म्हणून अर्ज अडकले.

ही सरकारी योजना येण्याच्याही आधी, सप्टेंबर २००५ मध्येच, शहराच्या पुरातून वाचलेल्या अल्जिअर्स भागात, मलिक रहीम या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्याने साथीदारांसह 'कॉमन ग्राउंड' सुरू केलं. 'दान नको, एकजूट हवी' ही त्यांची घोषणा. आधी दवाखाना, मग घरं पोखरून काढण्याचं काम. हे काम समजून घेण्यासारखं आहे. तिथल्या अनेक भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे कागदाच्या दोन थरांत दाबलेल्या जिप्समच्या. पाणी ओसरलं तरी ओल भिंतीत वर चढत जाते आणि कागदातल्या सेल्युलोजवर बुरशी पोसते. वरून रंग मारून भागत नाही. लाकडी सांगाडा उघडा पडेपर्यंत सगळं उखडून रस्त्यावर टाकावं लागतं. मास्क लावून हजारो स्वयंसेवकांनी हेच केलं. शहराने घरं साफ करायला २९ ऑगस्ट २००६ ची मुदत घातली होती, नाहीतर पाडापाडीची टांगती तलवार. त्यामुळे साफ केलेलं प्रत्येक घर म्हणजे आम्ही परत येणार आहोत, हा दावाच होता.

त्याच वर्षी जानेवारीत एक नियोजन नकाशा छापून आला होता. त्यावरच्या हिरव्या ठिपक्यांच्या जागी पुढे बागा होऊ शकतात, असं लोकांना कळलं. ठिपक्याखाली आलेल्या ब्रॉडमूर या कृष्णवर्णीय-श्वेतवर्णीय मिश्र वस्तीतले रहिवासी खवळले आणि कोण कोण परतणार याची माहिती स्वतःच गोळा करू लागले. सरकारने न केलेलं सर्वेक्षण गल्लीतल्या लोकांनी केलं, आणि ब्रॉडमूर वाचलं. लोअर नाइन्थची लोकसंख्या मात्र २००० च्या जनगणनेत सुमारे १४ हजार होती, ती २०१० मध्ये तीन हजारांच्या आत आली. संघटनेने सगळंच साधतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

रोड होमच्या सूत्राविरुद्ध २००८ मध्ये कृष्णवर्णीय घरमालक आणि समान गृहहक्कासाठी झटणाऱ्या संघटना न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड झाली, तोवर योजनेतला बहुतेक पैसा वाटून संपला होता.

हे एका शहरापुरतं नाही. जुनिया हॉवेल आणि जेम्स एलियट या समाजशास्त्रज्ञांनी १९९९ ते २०१३ या काळात देशभरातल्या कुटुंबांची संपत्ती तपासली. २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे आपत्तीचं नुकसान मोठं, तिथल्या श्वेतवर्णीयांची संपत्ती सरासरी वाढलेली आणि कृष्णवर्णीयांची घटलेली दिसली.

मालकीच्या कागदांचा प्रश्न पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर २०१७ च्या मारिया वादळानंतर पुन्हा उभा राहिला. तिथल्या वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी तो लावून धरला. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये फेमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने नियम सैल केले. आता वारसाहक्काने आलेल्या घरासाठी, दुसरा कोणताच पुरावा नसेल तर, स्वतःच्या सहीचं घोषणापत्रही चालतं.