पक्षी, सहाशे मिलिमीटर आणि मधली हवा

परवडणाऱ्या १५०-६०० मिमी झूम लेन्सला मी पहिल्याच दिवशी नापास केलं होतं. भर दुपारची वेळ, निम्म्याहून जास्त आटलेला तलाव, आणि पलीकडे साठेक मीटरवर वाळक्या फांदीवर बसलेला खंड्या. ट्रायपॉड भक्कम होता, शटर १/२००० सेकंदावर, फोकस नेमका डोळ्यावर. खंड्या तर पुतळ्यासारखा बसलेला. तरीही संगणकावर फोटो पूर्ण मोठा करून पाहिला तेव्हा चोचीची कड कुरतडल्यासारखी दिसत होती आणि पिसांच्या जागी निळा-तपकिरी लगदा होता.

अशा वेळी जाणकारांचं निदान ठरलेलं असतं: ‘स्वस्तातली लेन्स आहे, सॉफ्टच (म्हणजे धूसर) असणार’ किंवा ‘तुझी कॉपी वाईट लागली, बदलून घे’. एकाच मॉडेलच्या दोन नगांत थोडाफार फरक असतो हे खरं आहे. पण ‘कॉपी’ या शब्दाचं हल्ली पत्रिकेतल्या मंगळासारखं झालं आहे. काहीही बिघडलं की दोष त्याच्यावर, आणि तपासायची गरज कुणालाच वाटत नाही. मी मात्र लेन्स परत करण्याआधी दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना त्याच जागी, त्याच सेटिंगवर, त्याच फांदीचा फोटो घेतला. फांदीच्या सालीवरची चीर न् चीर मोजता आली. रात्रीतून लेन्स काही सुधारत नाही!

ही लेन्स स्वस्त का असते ते आधी पाहू, म्हणजे पुढचा हिशेब सोपा जाईल. ६०० मिमीवर तिचा आकडा असतो एफ/६.३. यातले ६.३ म्हणजे नाभीय अंतर (इथं ६०० मिमी) भागिले प्रकाश आत येणाऱ्या झरोक्याचा व्यास. ६०० ला ६.३ ने भागलं की ९५ मिमी येतात. या जातीच्या बऱ्याच लेन्सवर ९५ मिमीचाच फिल्टर बसतो, तो यामुळे. व्यावसायिक लोकांची ६०० मिमी एफ/४ लेन्स घेतली तर तोच झरोका १५० मिमीचा होतो. क्षेत्रफळ अडीच पट, पण काचेचं वजन साधारण व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणजे जवळपास चौपट. एवढी मोठी, निर्दोष, रंग न फाकवणारी भिंगं घासणं हे भलतंच महागडं काम आहे. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉननं १५०-६०० आणली, पुढच्या वर्षी सिग्मानं, मग निकॉननं २००-५०० आणि २०१९ मध्ये सोनीनं २००-६००. या सगळ्यांनी एकच तडजोड केली: प्रकाश थोडा कमी घ्या, पण पल्ला सोडू नका.

आता या ९५ मिमीच्या झरोक्यातून जास्तीत जास्त किती बारीक दिसू शकतं? प्रकाश तरंगरूप असल्यामुळे कुठल्याही झरोक्यातून जाताना तो किंचित पसरतो आणि बिंदूची चकती होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये या चकतीचं गणित मांडलं. त्यानुसार हिरव्या प्रकाशात आपल्या झरोक्याची मर्यादा येते सुमारे दीड विकला. कोनाच्या एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेल्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या सहा हजारांशांचा असतो आणि ६०० मिमीवर तो आकाशातल्या दोन विकला व्यापतो. म्हणजे काचेचे बाकीचे दोष बाजूला ठेवले तर या ‘स्वस्त’ लेन्सची क्षमता कॅमेऱ्याच्या पिक्सेलपेक्षा बारीक आहे. साठ मीटरवर एक पिक्सेल म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचे ०.६ मिमी.

(जाता जाता: फोनवर ‘शंभर पट झूम’ लिहिलेलं असतं, त्यालाही हाच नियम लागू आहे. पाच मिमीच्या झरोक्याची मर्यादा सुमारे २८ विकला. त्यापलीकडचं पीस फोनला दिसलेलं नसतं, त्यानं ते अंदाजानं रेखाटलेलं असतं.)

मग दुपारी काय बिघडलं? काचेच्या आणि खंड्याच्या मध्ये साठ मीटर हवा होती. तीही एक भिंगच आहे, फक्त ती कुणी घासलेली नाही.

हवेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वाकवते ते सांगणारा आकडा, १ नसतो, १.०००२८ च्या आसपास असतो. हवा तापली की विरळ होते आणि हा आकडा घटतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे दहा लाखांत एक इतका. फरक क्षुल्लक वाटतो, पण मृगजळ याच फरकातून दिसतं. तापलेल्या रस्त्यालगतची हवा विरळ, वरची दाट, म्हणून आकाशाचा प्रकाश वाकून डोळ्यात येतो आणि पाणी असल्याचा भास होतो. मृगजळात निदान थर तरी शिस्तीत असतात. तलावाच्या काळ्या, भेगाळलेल्या गाळावरून दुपारी उठणारी हवा मात्र गरम-गार फुग्यांची गर्दी असते. प्रत्येक फुगा वेडावाकडा आणि प्रत्येक जण सतत जागा बदलणारा.

थोडं गणित करू. (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, मी रागावणार नाही.) समजा एक फुगा १० सेंमीचा आहे आणि त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तापमानात १ अंशाचा फरक आहे. त्यातून जाणारा किरण सुमारे एक मायक्रोरेडियन, म्हणजे ०.२ विकला वळेल. पिक्सेलच्या दहाव्या हिश्शाइतकं हे वळण. पण साठ मीटरमध्ये असे ६०० फुगे आहेत. सगळ्यांनी एकाच दिशेला ढकललं असतं तर किरण साठ पिक्सेल सरकला असता. तसं होत नाही, कारण कुणी डावीकडे ढकलतो, कुणी उजवीकडे. दर पावलाला नाणं उडवून दिशा ठरवणारा माणूस ६०० पावलांनंतर सुरुवातीपासून सरासरी √६००, म्हणजे सुमारे २४ पावलांवर सापडतो. किरणाचंही तसंच, २४ मायक्रोरेडियन. त्यात आणखी एक सूट आहे. किरण खंड्याजवळ वळला तर त्याचं दिसणारं स्थान फारसं हलत नाही, कॅमेऱ्याजवळ वळला तर पुरेपूर हलतं. ही सूट धरली की २४ चे उरतात १४, म्हणजे दीड पिक्सेलच्या आतबाहेर. तापल्या गाळावर फरक १ ऐवजी ३ अंशांचा असेल तर चार पिक्सेल. साठ मीटरवरच्या खंड्याचा डोळा ८ मिमीचा धरला तर फोटोत तो जेमतेम तेरा पिक्सेल भरतो. तेरा पिक्सेलचा डोळा चार पिक्सेल इकडेतिकडे हलला की लगदा होणारच.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ती सूट आहे, कारण ती घरबसल्या तपासता येते. छापील पानावर ट्रेसिंग पेपर टेकवून ठेवा, अक्षरं वाचता येतात. आता कागद हळूहळू उचलून डोळ्याजवळ आणा. कागद तोच, पान तेच, पण अक्षरं विरघळतात. प्रकाश फाकवणारी वस्तू पाहणाऱ्याच्या जितकी जवळ तितकं नुकसान जास्त. म्हणजे फोटो बिघडवण्यात पक्ष्याखालच्या गरम जमिनीपेक्षा आपल्या पायाखालच्या गरम जमिनीचा वाटा मोठा असतो. त्या दुपारी माझा ट्रायपॉड दगडी बांधामागे होता आणि लेन्स त्या तापलेल्या दगडांवरून हातभर उंचीनं पलीकडे बघत होती. शिवाय पुढे काळं लेन्स-हूड (लेन्सच्या तोंडावरची आडोशाची नळी), उन्हात भाजलेलं, आतल्या हवेला ऊब देत बसलेलं. गाडीच्या खिडकीतून फोटो काढतानाही तेच होतं. थंड गाडीतली हवा आणि बाहेरची गरम हवा यांची घुसळण नेमकी लेन्सच्या तोंडाशी चालते.

खगोलशास्त्रज्ञांना हे जुनंच दुखणं आहे. न्यूटननं १७०४ मध्ये प्रकाशावरचा आपला ग्रंथ छापला, त्यात दुर्बिणी कितीही उत्तम केल्या तरी हवेची थरथर आड येते, उपाय एकच, शांत हवा, आणि ती कदाचित उंच पर्वतशिखरांवर मिळेल, असं म्हणून ठेवलं आहे. वेधशाळा पुढे डोंगरांवर गेल्या त्यामागे हेही एक कारण होतं. पक्षी मात्र डोंगरावर नेता येत नाहीत.

त्यामुळे लेन्सवर आरोप ठेवण्याआधी दोन मिनिटांची चाचणी करावी. ट्रायपॉडवरून एखाद्या स्थिर वस्तूचे, फांदीचे किंवा पाटीचे, सलग दहा फोटो घ्यायचे. दहाही सारखेच धूसर असतील तर फोकस चुकला आहे किंवा खरोखर लेन्स सदोष आहे. रेषा एकाच दिशेला दुहेरी दिसत असतील तर कॅमेरा हलतो आहे. आणि प्रत्येक फोटोत कड वेगळीच वाकली असेल, दहांतला एखादा अचानक लख्ख आला असेल, तर ती हवा आहे. माझ्या दुपारच्या मालिकेत सातवा फोटो बऱ्यापैकी स्वच्छ निघाला. तो मी आधी उघडलाच नव्हता.

लेन्सचे स्वतःचे दोषही आहेत. ६०० मिमीवर झरोका पूर्ण उघडा ठेवला की कडांना हलका मऊपणा येतो, एफ/८ ला तो बराच कमी होतो. अंधुक उजेडात फोकस चाचपडतो. दोन किलोच्या आसपासचं वजन तासाभरानं मनगटाला कळतं. लेन्समधली स्थिरीकरण यंत्रणा हाताची थरथर थांबवते, पक्ष्याची नाही, हेही वेडा राघू उडाला की लगेच कळतं. पण उन्हातल्या लगद्याचा दोष यांपैकी कशाचाच नव्हता, आणि दहापट महाग लेन्सही तिथं फारशी वेगळी ठरली नसती. ८०० मिमी घेतली असती तर पक्ष्याबरोबर थरथरही तितकीच मोठी झाली असती.

उपयोगी पडतं ते फक्त अंतर. साठऐवजी बारा मीटरवर गेलं तर पक्षी पाचपट मोठा दिसतो आणि फुगे पाचपट कमी झाल्यामुळे थरथर √५ नं घटते. दोन्ही मिळून पक्ष्याच्या आकाराच्या तुलनेत धूसरपणा सुमारे अकरापट कमी. हल्ली ऊन चढलं की मी दूरच्या काठाकडे लेन्स वळवतच नाही. झुडपाच्या सावलीत बसतो, हूड काढून ठेवतो आणि बारा-पंधरा मीटरवर काय येतं त्याची वाट बघतो. खंड्या अजून तितक्या जवळ आलेला नाही.